वारा वळवण्याची प्रार्थना

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहायला घेते. जेवण वेळेवर होतं, खोकला किरकोळच आहे. बाबांचे गुडघे काय म्हणतात?

कचरा जाळायच्या भट्टीचा धूर इथे नाल्याकाठच्या एका वस्तीत शिरतो. भट्टी बंद पाडायला भाविकांनी एकजुटीने काय करायचं, हे मी तिथल्या प्रार्थनाघरात शिकवत होते. काल शेवटचा वर्ग झाला.

"मग, काय करायचं ठरलं?" मी विचारलं.

सगळ्यांनी डोळे मिटले. म्हातारे धर्मगुरू म्हणाले, "देवा, वारा नाल्यापलीकडे वळव."

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! अगं, पलीकडेही माणसंच राहतात. माझी खोलीही तिकडेच आहे. पण पुढे बसलेली लेकरं खोकत होती. मीही हात जोडले.

आज सकाळपासून वारा खरंच फिरलाय. खिडकी लावून घेतली आहे, काळजी करू नकोस.

तुझीच,
धाकटी