रेवा रडत नाही

मंगळवार, संध्याकाळ, अंधेरी

रेवाचा लोकांना एवढा राग का? आमच्या गेमची नायिका ती, मीच लिहिलेली. पुरात वडील वाहून जातात आणि ती रडत नाही. धाकट्या भावाला घेऊन होडी वल्हवत राहते. खेळणारे म्हणतात, दगड आहे ही. आज बॉस म्हणाला, "पुढच्या अपडेटमध्ये तिला रडव ना!"

बाबा गेले तेव्हा आईही रडली नव्हती. मलाही तिचा राग आलेला. आज फोनवर तिला विचारलंच, तेव्हा का रडली नाहीस.

"तू घाबरली असतीस गं."

"मग रडलीस कधी?"

"तू झोपल्यावर."

बॉसला लिहिलं, रडवते, पण भाऊ झोपल्यावर. त्याने वाचलंय. नाही म्हणाला तर? तर गेमवरून माझं नाव काढ म्हणेन.