मोहरीलांचे रॅम आणि अलीगंजचे घर

मी, चंद्रहास रघुनाथ मोहरील, वय वर्षे एकाहत्तर, मूळ राहणार वर्धा, हल्ली मुक्काम अलीगंज, लखनऊ, सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेला रसायनतज्ज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. सतीश अभ्यंकर यांनी दिला आहे. दाखल्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि वार विचारण्याइतका मी म्हातारा दिसतो काय, हेही विचारून घेतले. त्यानंतर त्यांनी आणखी काही न विचारता सही केली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी काढून दाखवलेच तर ते खोटे समजावे.

कलम १. माझी पत्नी विनया आठ वर्षांपूर्वी वारली. आम्हाला दोन मुलगे. थोरला पृथ्वीराज नागपुरात बँकेत अधिकारी आहे आणि त्याचे स्वतःचे घर आहे. धाकटा सत्यजित अमौसी विमानतळावर एका विमान कंपनीत नोकरीला होता. तीन वर्षांपूर्वी कामावरून परतताना स्कूटरच्या अपघातात तो गेला. त्याची पत्नी नीलम माझ्याजवळ राहते. तेव्हापासून पृथ्वीराज दर दिवाळीला येतो आणि फराळाच्या ताटावर एकच विषय काढतो : "बाबा, हे घर विकून टाका आणि नागपूरला चला. नीलमला तिचे भाऊ चौक मोहल्ल्यात माहेरी घेऊन जातील." पृथ्वीराज दुष्ट नाही. त्याला हा हिशेब सरळ वाटतो. मला वाटत नाही. माझ्यामागे नीलमला या घरातून कोणी उठवू नये, एवढ्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे.

कलम २. वर्ध्याची वडिलोपार्जित जागा आमच्या वाटणीत पूर्वीच पृथ्वीराजच्या नावे झालेली आहे. नागपूरचा माझा प्लॉट व बँकेतील ठेवींपैकी अर्धा भाग त्यालाच द्यावा. ठेवींचा उरलेला अर्धा भाग नीलमला. विनयाच्या पाटल्या थोरल्या सुनेला आणि ठुशी नीलमला, असे विनयाने स्वतःच सांगून ठेवले होते. त्यात मी अक्षर बदललेले नाही, तिला ते चाललेही नसते.

कलम ३. माझा सूक्ष्मदर्शक पृथ्वीराजची मुलगी स्वरदा हिला द्यावा. तिने तो वापरावा. काचेच्या कपाटात ठेवून पाहुण्यांना दाखवू नये.

कलम ४. आता माझ्या खऱ्या इस्टेटीकडे येतो. पुढच्या खोलीत लोखंडी घोडीवर एक काचेची टाकी आहे. फार मोठी नाही, एका माणसाला उचलता येईल एवढीच. तीत रॅम आहेत. रॅम म्हणजे सिक्लिड जातीतले बुटके मासे, मूळचे दक्षिण अमेरिकेतले. लांबी बोटाएवढी, अंगावर निळे ठिपके, डोळ्यातून आरपार गेलेली काळी रेघ आणि तोरा मात्र नवाबाचा. लखनऊचे पाणी जड. त्यात डाळ धड शिजत नाही, तिथे रॅमची अंडी कुठली फळायला? इथले दुकानदार कलकत्त्याहून मासे आणत आणि गिऱ्हाइकाच्या घरी ते थोड्याच दिवसांत उताणे होत. "यहाँ नहीं होगा, साहब," असे मला तीन दुकानांत ऐकवले गेले. मी गच्चीवर पावसाच्या पाण्याचा झाकणाचा हौद बांधला. गच्ची धुऊन निघाल्याशिवाय त्यात पाणी घेत नाही. टाकीत बदामाची वाळलेली पाने सोडतो. झाले! माझ्या घरी रॅमच्या पिढ्यांमागून पिढ्या झाल्या. हे मी अभिमानाने लिहीत आहे. ज्याला ही बढाई वाटेल त्याने करून दाखवावे.

धंदेवाले अंडी आईबापांपासून काढून औषधाच्या पाण्यात उबवतात. त्यामुळे मासे भरपूर निघतात, पण पोरे सांभाळायची ही गोष्टच त्यांच्या अंगातून जाते. पुढे अंडी घातली की स्वतःच गिळून मोकळे होतात. म्हणून मी रंग बघून मासा निवडला नाही. ज्या जोडीने अंड्यांना पंखांनी वारा घातला, वळवळती पिल्ले तोंडात धरून वाळूतल्या खड्ड्यात नेली आणि माझ्या बोटावरही धावून आली, तिचीच पिल्ले पुढच्या पैदाशीला ठेवली. फिकी असली तरी ठेवली. आणि जोडी मी कधी लावली नाही. पाच-सहा पिल्ले एकत्र वाढवायची. वयात आली की त्यांतली दोन आपण होऊन एक कोपरा धरतात. मग बाकीची बाहेर काढायची, एवढेच माणसाचे काम. विनया म्हणायची, "मुलांच्या लग्नातही एवढंच काम करा म्हणजे झालं." सत्यजितने चौक मोहल्ल्यातल्या चिकनवाल्यांची, म्हणजे चिकनच्या भरतकामाचे कापड विकणाऱ्यांची, नीलम पसंत केली तेव्हा मी खरोखरच तेवढेच केले. आमच्या नात्यातल्या मंडळींची तोंडे वाकडी झाली होती. ती पुन्हा सरळ झाली की नाही, हे मी पाहायला गेलो नाही.

कलम ५. आमच्या मत्स्यहौशी मंडळाचे चिटणीस श्री. हरिहर सक्सेना यांना मी काहीही देत नाही. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असे वकील म्हणतात, म्हणूनच त्यांना साक्षीदार केले आहे. मंडळाच्या प्रदर्शनात त्यांच्या झगझगीत निळ्या नराला पहिले बक्षीस मिळाले. माझ्या जोडीला प्रशस्तिपत्र आणि "रंग जरा फिका" हा शेरा. वर सक्सेनांनी मोठ्या मनाने तो नर माझ्याकडे पैदाशीला पाठवला. "मोहरील साहब, आपकी नस्ल थोड़ी सुधर जाएगी." मी त्याला एका एकट्या मादीबरोबर वेगळे ठेवले. हळूहळू त्याचा रंग उतरला आणि एका सकाळी त्या बक्षीसपात्र नराने सपाट दगडावर अंडी घातली. रंग चढावा म्हणून व्यापारी माशांच्या खाण्यात संप्रेरके मिसळतात. त्याने मादीही नरासारखी चमकते. मी सक्सेनांना बोलावले. ते बराच वेळ काचेला नाक लावून उभे राहिले आणि म्हणाले, "कमाल है. ये तो माँ बन गया." बक्षिसाची ढाल अजून त्यांच्या बैठकीत आहे. ती त्यांनी खुशाल ठेवावी. फक्त माझ्या तेराव्याला ही हकीकत जमलेल्या मंडळींना स्वतःच्या तोंडाने सांगावी. गृहस्थ प्रामाणिक आहेत, सांगतील.

कलम ६. गेल्या हिवाळ्यात माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले. मी इस्पितळात असताना रॅमच्या जोडीने अंडी घातली आणि नेमका तेव्हाच मोहल्ल्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला. बाहेर कोहरा, म्हणजे इथले दाट धुके, आणि घरात हीटर बंद. पृथ्वीराज माझ्यासाठी नागपूरहून आला होता. त्याने अंड्यांचा दगड उचलून बरणीत ठेवायचे ठरवले, कारण बरणी ऊबदार ठेवणे सोपे. नीलम टाकीसमोर जाऊन उभी राहिली. "भाईसाहब, बच्चे माँ-बाप के पास ही रहेंगे. बाबा के आने तक यहाँ से कुछ नहीं उठेगा."

लग्न होऊन आली तेव्हा हीच मुलगी घरात मासे म्हणून नाक मुरडायची आणि टाकीकडे पाठ करून जेवायची. तिने माहेरची रेशमी रजाई टाकीभोवती गुंडाळली. गॅसवर पाणी तापवून बाटल्यांत भरायची, त्या टाकीत तरंगत ठेवायची, गार झाल्या की बदलायची. वीज येईपर्यंत तिचे हेच चालले होते. इस्पितळात माझा डबा घेऊन आली तेव्हा हातावर भाजल्याचे चट्टे दिसले. विचारले तर म्हणाली, "कुछ नहीं बाबा, चाय गिर गई थी." मी घरी आलो तर बापाच्या पोटाखाली पिल्लांचा घोळका पोहत होता आणि आई पुढे राखणीला. मी रडलो. ऑपरेशनच्या जखमेला ते मानवले नाही, पण रडलो. मला आयुष्यात मानसन्मान मिळाले आहेत, परदेशातल्या परिषदांत टाळ्याही मिळाल्या आहेत. त्या दिवशी माझ्या सुनेचा जेवढा अभिमान वाटला तेवढा स्वतःचाही कधी वाटला नव्हता.

कलम ७. अलीगंजचे घर माझ्या स्वकष्टार्जित कमाईचे आहे. ते घर, गच्ची, गच्चीवरील हौद, टाकी, टाकीतील मासे व त्यांना पुढे होणारी पिल्ले हे सर्व मी नीलम सत्यजित मोहरील हिला संपूर्ण मालकी हक्काने देत आहे. (येथे एक ओळ खोडली आहे. चं. र. मो.) पृथ्वीराजने भाऊ म्हणून यावे, हवे तितके दिवस राहावे. त्याला या घराला कुलूप लावण्याचा किंवा या घरासाठी गिऱ्हाईक आणण्याचा अधिकार नाही.

कलम ८. खोडलेल्या ओळीविषयी. वकिलांनी हिंदीत मसुदा करून दिला होता, त्यावरून मी हे मराठीत उतरवत आहे. त्यात त्यांनी आपल्या सवयीने घातले होते की, सुनेने घराचा उपभोग हयातीपर्यंत घ्यावा आणि पुनर्विवाह केल्यास घर थोरल्या मुलाकडे जावे. मी कारण विचारले. ते म्हणाले, "विधवा बहू के लिए ऐसा ही लिखा जाता है, साहब. सब लिखवाते हैं." उतरवण्याच्या ओघात ती ओळ माझ्याही हातून लिहिली गेली. मग मी थांबलो आणि ती वाचली.

नीलम चौतीस वर्षांची आहे. तिने मासे ठेवावेत अशी माझी इच्छा आहे, अट नाही. कंटाळा आला तर सक्सेनांना देऊन टाकावेत, ते मनातून वाटच पाहत आहेत. तिला लग्न करावेसे वाटले तर करावे, आणि नवऱ्याला घेऊन याच घरात राहावे. नसेल करायचे तर कोणी तिच्यामागे लागू नये. काहीही झाले तरी घर तिचेच आहे. ती ओळ नजरचुकीने खोडली गेलेली नाही. मी ती चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत, दोन रेघा मारून खोडली आहे आणि शेजारी सही केली आहे.

लिहून देणार : चंद्रहास रघुनाथ मोहरील (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली :
१. हरिहर सक्सेना (सही). कलम पाच मला वाचून दाखवले. सांगेन.
२. डॉ. सतीश अभ्यंकर (सही)

लखनऊ, मंगळवार, दिनांक ९ डिसेंबर १९९७