घट माझ्याकडेच राहील

स्टुटगार्ट,
ललिता पंचमीचा दुसरा दिवस, १९६२

चि. सौ. सरलास अक्काचे अनेक आशीर्वाद.

भास्कररावांचा दमा, तुझे गुडघे आणि घटातलं धान्य, तिन्हींची खुशाली कळव. (पहिल्या दोहोंची काळजी करत नाही; ते जुने आहेत.) माझी प्रकृती उत्तम आहे आणि राग त्याहून उत्तम आहे.

त्याचं कारण तुझं पत्र. 'अक्का, तू आता दमलीस, परदेशात उपास जमायचा नाही, पुढच्या वर्षापासून घट कायमचा माझ्याकडे बसू दे.' (हे भास्कररावांनी सांगून लिहवलेलं दिसतं, मला दमलीस म्हणण्याची तुझी छाती नाही.) सरला, मी शाळेतून निवृत्त झाले, देवीपासून नाही. बेचाळीस वर्षांत माझं नवरात्र एकदाही मोडलेलं नाही. तू मात्र नऊ वर्षांची असताना टेंबलाईच्या जत्रेत, भर पंचमीला, कांदाभजी खाल्लीस. आईने तेव्हाच ठरवलं की घट अक्काच्या हातचा. यंदा मी इथे आहे म्हणून तो तुझ्याकडे आला, तोही माझ्या सात पानी सूचनांसह.

तर काल पंचमी. तुझा श्रीनाथ (वाळलाय, पण तो संशोधनाने, खाण्यापिण्याची आबाळ नाही) म्हणाला, "मावशी, चल, इथली जत्रा दाखवतो." नदीकाठी हे एवढं मैदान. कुठल्याशा राजाने दुष्काळ सरल्यावर शेतकऱ्यांसाठी सुरू केलेली जत्रा आहे म्हणे. मधोमध फळांनी आणि कणसांनी मढवलेला उंचच उंच खांब, आणि त्याच्या पायाशी आपल्या कोहळ्याएवढे भोपळे. सगळे नुसते उभे राहून बघतात, फोडत कुणी नाही! टेंबलाईला कोहळा कसा फोडतात आणि त्याच्या फोडीसाठी लोक कसे तुटून पडतात, ते मी हॅटवाल्या एका गृहस्थांना स्वच्छ इंग्रजीत समजावून दिलं. त्यांनी हॅट उचलली आणि चालू लागले. मग आकाशपाळण्यात बसले. वर गेल्यावर श्रीनाथने डोळे मिटले, मी नाही. आणि खाली उतरते तो तापल्या तेलाचा वास आला. सरला, अगदी टेंबलाईच्या पायऱ्यांशी यायचा तोच वास. चाळीस वर्षांनी, परक्या देशात, पाय आपोआप त्या वासाकडे वळले. सकाळपासून दोन केळ्यांवर होते, हेही खरं.

एक बाई बटाटा किसून, थालीपिठासारखं थापून, तेलात सोडत होती. गळ्यात क्रूस. आता बटाटा उपासाला चालतो हे तुला मी सांगायला नको. पण मी विचारल्याशिवाय खाणारी नव्हे. माझं जर्मन म्हणजे कॉन्व्हेंटातल्या मदर गर्ट्रूडनी पाठ करून घेतलेली प्रार्थना, तेवढंच. म्हणून हात जोडून 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' ही ओळ खणखणीत म्हटली. बाईने झारा खाली ठेवला, छातीवर क्रूस काढला आणि दोन थालीपिठं माझ्या पुढ्यात ठेवली. मग मी विचारलं, "फास्टेन?" (म्हणजे उपास, हाही मदरांचाच शब्द.) बाई म्हणाली, "या, या! गेनाऊ! काइन फ्लाइश!" म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, मांस नाही. क्रूस घातलेली बाई उपासाबद्दल खोटं कशाला बोलेल? मी सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर तीन खाल्ली. श्रीनाथ पलीकडे काहीतरी खात होता. (काय ते मी पाहिलं नाही. मुद्दाम पाठ करून उभी होते.)

तिसरं संपल्यावर तो म्हणाला, "मावशी, त्यात अंडं असतं. आणि कांदा."

"आणि हे आत्ता सांगतोस?"

"आल्झो... म्हणजे... तू इतकी खूश दिसत होतीस. तुला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं."

छत्रीचा एक तडाखा दिला.

आता तू हे पत्र नाचवत भास्कररावांकडे जाशील, म्हणून ऐक. जाणूनबुजून केल्याशिवाय पाप होत नाही, हे मला कॉन्व्हेंटात सात वर्षं शिकवलंय. त्या बाईच्या उपासात अंडं चालतं, ह्याची तक्रार करायची तर रोमला कर. माझा उपास शाबूत आहे. घट माझ्याकडेच राहील. विषय संपला.

तुझी,
अक्का

ता. क. तीन नाही, चार खाल्ली. चौथं श्रीनाथने सांगितल्यानंतर. गरम होतं.

ता. क. २. हे भास्कररावांना वाचून दाखवू नकोस. टेंबलाईच्या त्या द्रोणात चार भजी होती. तू दोन खाल्लीस, मी आईला सांगितलं, आणि तू दसऱ्यापर्यंत देवघराबाहेर बसून रडलीस. उरलेली दोन कुठे गेली, हे आईने मला विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तेव्हा सूचनांची सातही पानं चुलीत घाल, घट तुझाच. मला फक्त पुढच्या पंचमीला जत्रेला ने. तेव्हा द्रोण तुझ्या हातात होता म्हणून तू सापडलीस. या वेळी मी धरीन.