उरलेले तीन हजार

मद्रास, सोमवार, ता. १८ मार्च १९६३. सकाळी एग्मोरला जाऊन पेन्शन आणली. ऊन होते. सून वसंता शाळेत शिकवायला गेली आहे, नात कनका तिच्याबरोबर. घरात मी एकटा आहे.

मी सेतुमाधव राव, वय सदुसष्ट, रेल्वेच्या क्लेम्स ऑफिसातला निवृत्त हेडक्लार्क, राहणार तिरुवल्लिक्केणी, माझ्या मागे काय कोणाकडे जावे ते येथे लिहून ठेवतो. मी शुद्धीवर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. भाषा ऑफिसची वाटली तर सांभाळून घ्यावे. एकतीस वर्षे दुसरी लिहिली नाही.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. अर्धे थोरला मुलगा चंद्रमौळी याला, अर्धे वसंताला. चंद्रमौळी अंबत्तूरला राहतो. वसंता येथे राहील तोवर त्याने घर विकायला काढू नये.

२. पोस्टात चार हजार आठशे पन्नास रुपये आहेत. त्यांतून इतर कोणतीही वाटणी होण्याआधी वसंताला तीन हजार द्यावेत, आणि त्यावर १ जुलै १९५८ पासून रक्कम तिच्या हाती पडेपर्यंत दरसाल शेकडा सहा दराने सरळ व्याज. माझ्या मरणाने व्याज थांबत नाही. मी फार जगलो आणि पोस्टातले कमी पडले, तर तांब्याची भांडी विकावीत. हे दान नव्हे, देणे आहे. याचे कारण चंद्रमौळीला कळले पाहिजे, म्हणून लिहितो.

धाकटा मुलगा राघोत्तम, वसंताचा नवरा, नोव्हेंबर १९५७ मध्ये नुंगंबाक्कमला बस आणि लॉरीच्या टकरीत गेला. तो बसमध्ये होता. तेराव्याला बसमालकाचा मॅनेजर ताट घेऊन आला. ताटात धोतर, विड्याची पाने, पानांखाली तीन हजार. तेराव्याचे ताट आम्ही परत पाठवत नाही. माझा मेहुणा कृष्णस्वामी म्हणाला, "भाऊजी, हातात येतंय ते घ्या. कोर्टात गेलात तर चपलाच झिजतील."

मॅनेजरने पैसे पोचल्याच्या दोन ओळी मागितल्या. मी तीन लिहिल्या. तिसरी अशी : "सदर अपघाताबाबत आमची सर्व मागणी पुरी झाली असून बसमालकाकडे काही येणे राहिले नाही." फुटलेल्या बरण्यांची आणि भिजलेल्या तांदळाची भरपाई न्यायला ऑफिसात येणाऱ्यांकडून हीच ओळ मी रोज लिहून घेत असे. त्या दिवशी ती कोणी मागितली नव्हती. हात चालला.

पुढच्या जुलैत वसंताच्या नावे दोन्ही मालकांवर दावा लावला. लॉरीमालकाचा वकील म्हणाला, एकाला सोडले म्हणजे दोघांना सोडले. जज्जांनी ते मानले नाही. नुकसानी बारा हजार ठरली, चूक दोघांची निम्मी निम्मी. पण बसमालकाचे सहा हजार माझ्या पावतीने तिनातच मिटले होते. लॉरीमालकाने आपले सहा, दावा लावल्या दिवसापासूनच्या व्याजासह, भरले. ती तिसरी ओळ नसती, तर मिळालेले तीन हजार नुसते वजा होऊन बाकीचे नऊ, व्याजासकट, दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करता आले असते. आमच्या वकिलाने हे मला एकट्याला सांगितले.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर वसंताने विचारले, "मामंजी, बाराचे नऊच कसे झाले?"

मी म्हणालो, "कोर्टाचा हिशेब असतो."

"त्या मॅनेजरनं फसवून लिहून घेतलं असणार. तुम्ही तेव्हा शुद्धीवर कुठे होता."

मी शुद्धीवर होतो. पावती कोर्टाच्या कागदांत आहे. अक्षर पाहावे, एक खाडाखोड नाही.

३. कृष्णस्वामी तेराव्याला माझी छत्री घेऊन गेला ती आणली नाही. ती त्याला दिली. पावती नको.

४. राघोत्तमची सायकल जिन्याखाली आहे. त्या दिवशी पंक्चर होती म्हणून तो बसने गेला. पंक्चर काढलेले नाही. कनकाला मोठेपणी हवी असल्यास तिची, नाहीतर ज्याला उपयोग होईल त्याला द्यावी.

५. माझ्या तेराव्याला कोणी ताट आणले तर घ्यावे. कागद पुढे केला, तर वसंताने वाचल्याखेरीज कोणी सही करू नये.

हे सर्व चंद्रमौळीने पार पाडावे.

तिरुवल्लिक्केणी, मद्रास
ता. १८ मार्च १९६३
(सही) सेतुमाधव राव

आम्हां दोघांसमोर त्यांनी सही केली. आम्ही त्यांच्यासमोर केली.
(सही) रामस्वामी, निवृत्त क्लार्क, रेल्वे
(सही) अमरसिंह, शेजारी

सह्यांखालच्या या ओळींना कायद्याचे बळ नाही, हे मला ठाऊक आहे. रामस्वामी माझ्या टेबलाशेजारी अठरा वर्षे बसला. वाचून म्हणाला, "राव, जिवंत आहात तोवर देऊन टाका की. पोस्ट काही लांब नाही."

"कसले म्हणून वसंता विचारेल," मी म्हणालो.

त्याने आणखी कॉफी मागितली.

दोघे तीन वाजता गेले. वसंता चारला येते. तीन पेले होते. दोन विसळून, पुसून फळीवर ठेवले.