घोडी हप्त्यावर

रत्नागिरी, शनि. १० फेब्रु. १९३४
सायकल आणली! कासमशेटच्या दुकानापासून थेट मांडवीच्या घरापर्यंत चालवत. काळी, हिरव्या रेघांची. घंटा इतकी खणखणीत की वाटेत दोन म्हशी बाजूला झाल्या, आणि एक वकीलही. नाव ठेवलं घोडी.
दारात आई आणि सौ. उभ्याच. सौ. म्हणाली, "कुणाची हो?" म्हटलं, "हप्त्यावर आणलीय." "बरं केलंत. घ्या हौस भागवून." इतकं गोड बोलली की पुढचं राहूनच गेलं. हप्ते दोन वर्षांचे आहेत, हे उद्या सांगेन.

रवि. ११
उलगडा झाला. सौ. दाभोळची. तिच्या माहेरी बंदरावर हप्ता म्हणजे आठवडा. गलबत 'एका हप्त्यानं' येतं, खलाशी 'दोन हप्ते' मुक्काम करतो. तिची समजूत अशी की मी सायकल आठवडाभर भाड्यानं आणली! शेजारच्या काकूंना सांगत होती, "शनिवारी जायचीय परत. आमच्या ह्यांना एकेक खूळ."
खरं सांगायला तोंड उघडलं, तोच तिनं गरम घावन वाढलं. तोंड घावनाच्या कामी आलं.

सोम. १२
घोडीवरून कोर्टात. चढावर उतरून ढकलावी लागते, तरी पायी जाण्याच्या निम्म्या वेळात पोचलो. घाम मात्र दुप्पट.
शेजारच्या टेबलावर बापट, माझ्यासारखाच नकला उतरवणारा. त्याला सौ.ची गंमत सांगितली. हसता हसता शाईची दौत सांडली गाढवानं. मग एकदम गंभीर. त्यानं तीन वर्षांच्या हप्त्यावर ग्रामोफोन घेतला होता, पहिल्याच वर्षी स्प्रिंग तुटली. "ग्रामोफोन मुका झाला रे. हप्ते गातायत अजून."
म्हटलं, तुझी ती हौस, माझी गरज. म्हणाला, "मग काल मिऱ्यापर्यंत कशाला गेला होतास? समन्स द्यायला?"
बापटाला गोष्टी सांगू नयेत.

मंगळ. १३
सौ. म्हणते, मलाही शिकवा! "शनिवारी गेली की पुन्हा कुठली मिळायला?" मी आईकडे बघितलं. वाटलं, आता उडणार भडका. आई तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "हप्त्यापुरतंच ना? शिकू दे रे तिला. कायमची असती तर नसतं हो चालू दिलं मी."
आता तर सांगायची सोयच उरली नाही.
अमावास्या आलीच आहे, पहाटे ओहोटी लांबवर. वाळू ओली आणि घट्ट मिळेल. बघायला माणूसही नाही.

बुध. १४
माणूस नाही म्हणे! रापण ओढायला अख्खी मांडवी हजर. जाळं तसंच टाकून आमच्याकडे बघत राहिले.
सौ. पडली. पुन्हा पडली. तिला सावरताना मीही पडलो, माझ्यावर घोडी. काळ्या वाळूत तिघं आडवे, आणि ही खदखदून हसतेय. लग्नाला सहा वर्षं झाली, असं हसताना पाहिली नव्हती. घरात हसते तेव्हा पदर आड येतो.
सायकलीची दांडी बायकांना आडवी येते म्हणतात. कासोट्याला कसली दांडी आडवी येतेय! माझंच धोतर चाकात गेलं.

शुक्र. १६
चालवली!! मी मागून सीट धरून पळत होतो, दम लागला, हात सुटला. ही पुढे चाललीच आहे. "सोडू नका हो, सोडू नका!" ओरडते आहे, आणि मी तिकडे मागे वाळूत बसलेला. खूप पुढे जाऊन मागे वळून बघितलं, तेव्हा पडली. रापणवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खारा वारा वगैरे काही नाही, आनंदानंच आलं.
संध्याकाळी आई खोबरेलाच्या चिंधीनं घोडी पुसत होती. "परक्याची वस्तू गंजवून देऊ नये." तेल डोक्याला लावतानासुद्धा एवढं सढळ हातानं घेत नाही.

शनि. १७
सांगितलं. सांगावंच लागलं. दुपारी कोर्टातून आलो तर सौ. ओटीवर घोडीच्या सीटवर हात ठेवून बसलेली, तोंड एवढंसं. "संध्याकाळी द्यायची ना?"
मला राहवेना. हप्ता म्हणजे काय, किती, कुठवर, सगळं एका दमात.
आधी तोंडच उजळलं तिचं. मग हिशेब डोक्यात गेला. "दोन वर्षं? अहो, इकडे या, चाकाची कड बघा. आई रोज तेल लावतायत तरी डाग पडले. मांडवीचा वारा आहे हा. तुमचे हप्ते फिटतील तेव्हा घंटा तेवढी उरेल हातात. गंज सायकलीला लागतो, हप्त्याला नाही!"
म्हटलं, संध्याकाळी राजिवड्याला शिकवणी धरीन, घोडी आहे तर जाता येईल.
"मग आधी शिकवणी धरायची, नंतर घोडी."
वकिलांच्या नकला करून वकिली येत नाही.
आईनं एवढंच विचारलं, "म्हणजे ती जायची नाही?" रागावून विचारलं की कसं, कळलं नाही. चिंधी हातातच होती.

रवि. १८
कासमशेटकडे जाऊन आलो. भला माणूस. म्हणाला, आगाऊ दिलेलं विसरा, घोडी परत करा, पुढचं सगळं सोडतो. पण उद्या सांगा.
पहाटे समुद्रावर गेलो नाही. असा रविवार पुन्हा नको.
रात्री जेवताना सौ. आपणहून म्हणाली, "वर्षात फिटणारी असती तर गोष्ट वेगळी. घोडी धडधाकट आहे तोवर आपली झाली पाहिजे." म्हटलं, वर्षात फेडायची तर हप्ता दुप्पट. माझी सुपारी, कोर्टातला चहा, सगळं बंद. "आणि माझं शिमग्याचं लुगडं," ती म्हणाली. मग बराच वेळ ताकात भात कालवत बसली. आई म्हणाली, "खोबरेल तरी घरचंच आहे." कुणाच्या बाजूनं म्हणाली देव जाणे.
दुकानात जाऊन ठरवू, असं ठरलं. हिची अट एकच. "तिथवर मी नेणार."
"बाजारातून? दिवसाढवळ्या?"
"शेवटची असली तर लपून कशाला?"

सोम. १९
नेली. गल्लीत काकू दारात आल्या, पानवाल्याचा हात चुना लावता लावता थांबला. मी पागोटं धरून मागून पळतोय. सगळी रत्नांग्री बघतेय आणि मला काडीची लाज वाटत नाही, उलट छाती फुगलेली. एकानं विचारलं, "कोण हो त्या?" धापा टाकत सांगितलं, "आमची मंडळी!"
कासमशेट पायरीवर उभा राहून बघत होता. ही दुकानासमोर आली, घंटा वाजवली. मला वाटलं उतरते. उतरली नाही. दुकान ओलांडून तशीच सरळ पुढे, वळणावरून दिसेनाशी.
मी पायरीवर बसलो. कासमशेटनं पाणी दिलं आणि विचारलं, "मग काय ठरलं? सायकल परत?"
म्हटलं, "परत आली की तिलाच विचारून सांगतो."