स्कोप चालूच ठेवलाय

ताई,

तुझं जेवण झाकून ठेवलंय. मी मित्राकडे झोपतो. तुझ्या स्वस्तातल्या ऑसिलोस्कोपमध्ये न विचारता नेटवरचं फर्मवेअर घातलं. बँडविड्थ दुप्पट झाली, आता दुप्पट वेगाचे विजेचे सिग्नलही स्क्रीनवर दिसतील. ओरडायचं ते उद्या ओरड.

तपासायला हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून ड्रॉवरमधला बाबांचा पेसमेकर स्कोपच्या प्रोबला लावला. ते गेल्यावर डॉक्टरांनी छातीतून काढून दिलेला, तोच. स्क्रीनवर एक ठोका उमटला, मग दुसरा. तो अजून थांबलेला नाही. जुन्या फर्मवेअरवरही दिसला असता, आपण कधी लावूनच पाहिला नाही.

आई तेव्हापासून स्क्रीनसमोर बसलीय, जेवायलाही उठत नाही. स्कोप बंद करायला माझा हात धजला नाही.

तू मोठी आहेस.

धाकटा