पिवळं फडकं, तीस नंबर

३ फेब्रु., सोम.
शेवंता सगळ्यात आधी आली. गाडी अजून पुलावर होती आणि ही शेजारीण विळी मागायला दारात हजर. तिच्या घरी दोन विळ्या आहेत, मला ठाऊक नाही का. मागून गाडी आली. म्हसळ्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई उतरल्या, मग मुंबईचे साहेब, आणि पुढच्या दारातून माझी नात प्रज्ञा, मांडीवर वायरींचं भेंडोळं. साहेबांना हरिहरेश्वर दाखवायला निघाले होते, वाटेत चहाला थांबले. शेवंता विळी घेऊनही हलेना, साहेबांचे बूट बघत बसली.
प्र.ने त्या हॉस्पिटलचं कम्प्युटरचं काम घेतलंय, साहेबांच्या कंपनीतर्फे. पास झालं तर म्हसळ्यालाच नेमणार, म्हणजे राहणार माझ्याकडे. नाही झालं तर पुण्याच्या हापिसात. साहेब हे सगळं हवापाण्याचं बोलावं तसं बोलले. मीही विचारलं, साखर घालू का अजून.

४ फेब्रु., मंगळ.
प्र. जेवता जेवता समजावत होती. हॉस्पिटलात एक मोठा कम्प्युटर, त्याला सर्व्हर म्हणतात. लिनक्सवर चालतो म्हणे. चालू दे. त्याच्यातून दोन वायरी निघून दोन वेगळ्या पेट्यांत, म्हणजे स्विचांत, जातात, तिथून हॉस्पिटलभर, आणि दोन्ही मिळून एकच वायर समजायची. ते बाँडिंग. एक तुटली तर दुसरी काम ओढते. म्हटलं, होडीला दोन दोर. "व्हय गो आज्ये, तसंच!"
आणि त्याच वायरीतून केसपेपर, कॅमेरे, औषधांचं दुकान, सगळ्यांचं जातं. मिसळू नये म्हणून ज्याचं त्याला नंबर. दहा, वीस, औषधांना तीस.
त्यात काय, म्हटलं, माझी फडकी. आळीतल्या चार घरांचे डबे इब्राहिमच्या विक्रम रिक्षातून म्हसळ्याला जातात. डबे सगळे सारखे, म्हणून मी कडीला जुन्या लुगड्याचं फडकं बांधते. हिरवं बँकेत, निळं शाळेत, तांबडं तहसीलात, पिवळं शेवंताच्या लेकाचं, गॅरेजात. प्र. हसता हसता ठसकली. पाणी दिलं.

५ फेब्रु., बुध.
इब्राहिमच्या कमरेत उसण भरली. त्याचा पुतण्या यासीन रिक्षा घेऊन गेला. निघता निघता त्याला फडकी सांगितली. संध्याकाळी शेवंता दारात, हातात पिवळ्या फडक्याचा डबा, तसाच भरलेला. "सुरमय घातलेली मी! नि लेक माझा वडापाव खाऊन ऱ्हायला!"
नाक्यावर जाऊन यासीनला चार माणसांत झाडलं. डोळे रिक्षात ठेवून उतरतोस का रे? तो म्हणे, "मावशे, तीन दिले. चवथा कुनाचा ते मला काय ठाव?" तुझ्या काकाला बरं कळतं, म्हटलं. तो रिक्षा पुसायला लागला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

६ फेब्रु., गुरु.
प्र. चारलाच घरी. पाय न धुता ओट्यावर बसली. आज तिच्या कामाची तपासणी होती. डॉ.बाईंनी सगळ्यांदेखत एक वायर उपटली. केसपेपर चालू. कॅमेरे चालू. औषधांचं दुकान ठप्प. दुसऱ्या वायरीचा दिवा हिरवागार, तरी ठप्प. माणसं चिठ्ठ्या घेऊन रांगेत. वायर परत खोचली तेव्हा सुरू झालं. साहेब म्हणाले, मग पुणंच बरं तुला.
तू आधी उपटून बघितली नव्हतीस?
"बघितली होती. केसपेपर चालले, मी खूश. बाकी दोन बघितलेच न्हाय गो."
जवळा केला होता, तिच्या आवडीचा. अर्धी भाकरी खाल्ली. बॅग काढून कोपऱ्यात ठेवली. मी तिच्यावर सुपं ठेवून दिली.

७ फेब्रु., शुक्र.
अकराला प्र.चा फोन. सापडलं! वायर चांगली, बाँड चांगला, नंबरही बरोबर. पहिल्या पेटीला तिन्ही नंबर सांगितलेले. दुसरीला दहा आणि वीसच. तीस सांगायचा राहिला. मग तिसाचं काही आलं की पेटी टाकून देते, आपलं नव्हे म्हणून.
मेली पेटी, म्हटलं.
"पेटीची काय चूक? सांगायचं माझं काम होतं." साहेबांनाही तसंच सांगितलं म्हणे, एका दमात. वायरवाल्यावर ढकलता आलं असतं.
फोन ठेवला तर भाकरी करपलेली. यासीन.
पिवळं कुणाचं ते इब्राहिमला ठाऊक. यासीनला कोणी सांगितलं? आणि सांगायचं कोणी होतं...

८ फेब्रु., शनि.
यासीनच्या घरी गेले. त्याची आई बसा बसा करत होती, मी उभीच. चारी फडकी ओट्यावर मांडून एकेक सांगितलं. म्हटलं, पिवळं सांगायचं मी विसरले आणि ओरडले तुला. नाक्यावर पण सांगेन.
"मग चल ना मावशे, आत्ताच. रिक्षा काढतो, भाडं न्हाय घेत."
चावट. गेले. सांगितलं. चहावाल्याला ऐकू कमी, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं.
प्र. म्हणते, नुसतं सांगून भागत नाही आज्ये, पाठवून बघ. प्रत्येक फडकं, दोन्ही माणसं. म्हणून सोमवारपासून एक दिवस इब्राहिम, एक दिवस यासीन. कंबर बरी झाली तरी. इब्राहिम फुगलाय. फुगू दे.

११ फेब्रु., मंगळ.
यासीनची पाळी. चारी डबे रिकामे आले, चाटूनपुसून. प्र.ने आज आधी एक वायर उपटली, मग दुसरी, दर खेपेला तिन्ही नंबर बघितले. दर खेपेला मला फोन. "चाललं." बरं. "हे पण चाललं." बरं बाई. भात उतू गेला.

१२ फेब्रु., बुध.
पुन्हा शेवंताच पहिली, विळी परत करायला. नऊ दिवस काय चिरत होती कोण जाणे. मागून गाडी. मी वालाच्या शेंगा निवडत होते. साहेबांनी विचारलं, हे कशाला? पोपटीला, म्हटलं. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, बाहेरून जाळ. कधी खाल्ली नाही म्हणाले. मुंबईत माणसं कशी जगतात.
नेमणुकीचं कोणी बोललं नाही. प्र.नेही विचारलं नाही. बॅग कोपऱ्यातच, सुपांखाली.
निघताना डॉ.बाई म्हणाल्या, शुक्रवारी पुन्हा वायर ओढून बघणार, आणि तिथून सगळे संध्याकाळी तुमच्याकडे पोपटीला. नक्की. शुक्रवार, ता. १४. पाला यासीन आणतोय.
कुठली ओढणार हो, मी विचारलं.
हसल्या. सांगितलं नाही.